बाबालालचे मासे निरोगी होते

दिवाळी अंकवाल्या मंडळींना मी आजवर गुलाबाची कलमं, शेवंतीचे प्रकार, गच्चीवरची वांगी असं काहीबाही लिहून देत आलो. "आप्पा, एकदा तुमच्या तळ्यांवर लिहा की," असं ते दरवर्षी म्हणायचे आणि मी दरवर्षी नव्या झाडामागं लपायचो. कोल्हापुरात बागेतलं तळं म्हटलं की माझं नाव निघतं, हे खरं आहे. पण तळ्यांवर लिहायचं तर एका तळ्यावर लिहावं लागणार आणि त्या तळ्यावर लिहायचं तर बाबालालवर लिहावं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून टाळलं. आता नर्सरी लेक आणि जावई बघतात, माझ्या हाताला कंप सुटलाय, आणि लपायला झाडं उरली नाहीत.

आधी धंदा काय तो सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

बागेतलं तळं म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्याला सिमेंटचं नाहीतर जाड प्लास्टिकचं अस्तर, एक छोटी मोटर आणि पाणी. पाणी भरलं की गिऱ्हाईक खूश होतं. दुसऱ्या दिवशी त्याला काठ दिसतो. काठासारखं कुरूप काही नसतं. सिमेंटची कड, तिच्यावर शेवाळाचा पट्टा, मधेच अस्तराची घडी. तो झाकायला काठावरून पाण्याकडं लोंबणारी झाडं लावावी लागतात. उभी झाडं उपयोगाची नाहीत, ती काठ कुठं आहे ते ओरडून सांगतात. लोंबती झाडं मात्र पुष्कळ कामं करतात. एप्रिलात आपल्याकडं तळ्याचं पाणी हाताला कोमट लागतं, तेव्हा मासे त्या सावलीत शिरून बसतात. खंड्याला आणि बगळ्याला वरून मासा दिसत नाही. मुळं पाण्यात उतरली तर माशांची घाण शोषून पाणी निवळ ठेवतात.

अट एकच, झाड माशाला चाललं पाहिजे. आपल्याला एखाद्या झाडाचा त्रास झाला तर आपण उठून दुसऱ्या खोलीत जातो. मासा कुठं जाणार? तो ज्यात राहतो त्यातूनच श्वास घेतो. काठावरून जे ठिबकेल ते त्याच्या कल्ल्यांतून जातं. हे ऐकायला किती साधं आहे! मला ते कळायला एक तळं मारावं लागलं.

गिऱ्हाइकांचं डोकं वेगळीकडंच असतं. शाहूपुरीतले एक हार्डवेअरचे व्यापारी मला म्हणाले, "पान गळणारच न्हाय अशी वेल द्या. माझ्या तळ्यात कचरा नको." मी म्हटलं, "मग प्लास्टिकची घ्या." मी थट्टा केली होती. त्यांनी खरोखरच आणून लावली. दोन पावसाळ्यांत ती अशी पांढुरकी पडली की जणू वेलीच्या अंगातलं रक्तच आटलंय. तरी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "आप्पांच्या सल्ल्यानं लावली" म्हणून दाखवायचे. नागाळा पार्कात एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या काठाला मी पुदिना लावून दिला. पुदिना झकास लोंबला, मुळं पाण्यात गेली, मासे ती मुळं टोचत बसायचे. बाई मला दर खेपेला त्याच पुदिन्याची चटणी वाढायच्या आणि म्हणायच्या, "शबरीनं रामाला उष्टी बोरं दिली, मी तुम्हाला माशांचा उष्टा पुदिना देते."

पण ही सगळी नंतरची गिऱ्हाइकं. माझं पहिलं तळं दौलतरावांचं.

दौलतरावांची फौंड्री होती. माणूस आडदांड, आवाज भट्टीच्या पंख्यावर चढवून बोलायची सवय झालेला. शेजारी उभं राहिलं तरी हाक मारल्यासारखं बोलायचे. मी तेव्हा नुसता फुलझाडांचा माणूस होतो. उचगाव रस्त्याला नर्सरी, मोगरा, जास्वंद, कलमं, बस. दौलतराव गाडीतून उतरले आणि म्हणाले, "आप्पा, सगळा दिस भट्टीपुढं जातोय माझा. घरात आल्याव डोळ्याला काय तरी गार पायजे. बंगल्याम्होरं एक तळं करा."

"तळं मी कधी केलेलं नाही, दौलतराव."

"मीबी कधी बांधलेलं न्हाय. दोघंबी शिकू की!"

गवंडी त्यांचा, मोटर त्यांची, काठ माझा. काठाला मी अलामंडा लावली. पिवळ्याधमक घंटेसारखी फुलं, चकचकीत पानं, लांब लवचिक फांद्या. तिला वर चढवलं नाही तर ती सुंदर लोंबते. फूल पाण्यात पडलं की तरंगत राहतं. दौलतराव संध्याकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढून काठावर बसायचे आणि तरंगणारी फुलं पायानं ढकलायचे. मासे असतील तर अजून बरं, म्हणून त्यांनी मासे आणायला सांगितले. असा बाबालाल आमच्यात आला.

बाबालाल उचगावचा. घरामागं त्यानं स्वतःच्या हातानं सिमेंटच्या टाक्या बांधल्या होत्या आणि तो त्यांत रंगीत मासे वाढवायचा. शाहूपुरीतल्या दुकानांना तोच मासे पुरवायचा. बाहेरून आणलेले मासे आठवड्यात मरतात आणि बाबालालचे मासे राहतात, अशी त्याची ख्याती होती. वयानं माझ्यापेक्षा थोडा लहान, अंगानं काटक, बोलायला हळू. हवा भरलेल्या पिशव्यांत मासे घालून तो त्या मोपेडच्या पुढं ठेवून आणायचा आणि खड्डा आला की उतरून गाडी ढकलायचा. तळ्यावर आला की पिशवी लगेच सोडायचा नाही. ती बंदच पाण्यावर तरंगत ठेवायचा, मग थोडं तळ्यातलं पाणी पिशवीत घ्यायचा, मग पुन्हा थांबायचा.

दौलतराव वैतागायचे. "अरे सोड की! काय मुहूर्त बघालाईस का?"

"मालक, पावण्याला आदी उंबऱ्यात पाय धुवाय लावायचं, मग आत घ्यायचं," बाबालाल म्हणायचा. "एकदम ढकललं तर बिचकत्यात."

वर्षभर त्या तळ्याला काहीही झालं नाही. पानं पडली, फुलं पडली, मासे हाताएवढे झाले. दौलतरावांनी त्यांना नावं दिली होती. सगळी नावं फौंड्रीतल्या कामगारांची. "ह्यो शिवाप्पा, कामाला आळशी. ह्यो गणपत, खायाला म्होरं."

मग त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. बंगल्याच्या आवारातच मांडव. दौलतरावांनी बाबालालकडून अजून काही नवे मासे आणून सोडले आणि मला बोलावलं, कारण अलामंडा फार माजली होती. साखरपुड्याच्या आदल्या सकाळी मी ती छाटली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. अलामंडाला दुधासारखा चीक असतो. तिची कलमं लावायची तर छाटलेल्या फांद्या आधी काही वेळ पाण्यात बुडवून ठेवायच्या, चीक निथळून जाऊ द्यायचा. तो तसाच राहिला तर कापलेल्या टोकावर साचून सुकतो आणि कलम बहुतेक धरत नाही. मी हे जन्मभर करत आलो. बादली घ्यायची, फांद्यांची मोळी बांधायची, टोकं खाली करून बुडवायची. त्या फांद्या मला हव्या होत्या. इतक्या जोमदार वेलीची कलमं कोण सोडतो? पण त्या दिवशी बंगल्यातल्या सगळ्या बादल्या आचाऱ्यांनी आणि मांडववाल्यांनी नेलेल्या. समोर तळं होतं. मी सुतळीनं मोळी बांधली, काठाशी पाण्यात बुडवली, वर दगड ठेवला. वरून लोंबणाऱ्या फांद्यांनी ती झाकली गेली. संध्याकाळी टेम्पो येणार होता. तो बिघडला, आला नाही. मी घरी गेलो आणि विसरलो. त्यात विजेचं काम करायला आलेल्यांनी तळ्याची मोटर बंद करून ठेवली, त्यामुळं पाणीही फिरलं नाही. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा मांडवाचे लोक चहा पीत होते. तळ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मासे पांढरी पोटं वर करून काठाशी गोळा झाले होते. एकदोन अजून कुशीवर पोहत होते, गोल गोल, जसं कुणी त्यांना दोऱ्यानं फिरवतंय. मी मोळी बाहेर काढली. पाण्याला हात लावला तर बोटांना चिकट लागलं. मोळी टेम्पोत टाकली, वर पोतं टाकलं आणि मग हाक मारली.

मोळी आधी उचलली आणि हाक नंतर मारली, हा क्रम मी आयुष्यभर विसरलो नाही. मला तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. हातांना कळलं होतं एवढं नक्की.

दौलतराव बनियनवर धावत आले. साखरपुड्याच्या सकाळी दारात मेलेले मासे! घरातल्या बायका दारातच थबकल्या, कुणीतरी अपशकुन हा शब्द उच्चारला आणि दौलतरावांचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला मी ऐकला.

"आप्पा, काय झालं वो हे? कशानं झालं?"

मी म्हणालो, "नवीन मासे आणले की होतं असं कधी कधी. त्यांच्याबरोबर रोग येतो."

वाक्य छोटं होतं आणि अगदी शहाण्यासारखं होतं. खोटंही म्हणता येत नव्हतं, कारण तसं कधी कधी होतंच. बाबालालला फोन गेला. तो आला, गुडघ्यावर बसला, एक मासा तळहातावर घेतला, कल्ला उघडून बघितला, अंगावरून बोट फिरवलं. दौलतराव वरून ओरडत होते. "दुकानदारास्नी चांगलं मासं देतोस आणि माझ्या दारात रोगट आणून सोडतोस व्हय रं? आज? आजच्या दिवशी?"

बाबालालनं मासा खाली ठेवला. तो छाटलेल्या वेलीकडं बघत होता. मग त्यानं मला विचारलं, "आप्पा, वेल कापल्यासारखी दिसती. फांद्या कुटं गेल्या?"

"काल संध्याकाळीच टेम्पोनं नेल्या."

"पाण्यात न्हाय न्हवं पडल्या? न्हाय म्हंजे, आमच्याकडं ओढ्याला त्या कुंपणाच्या शेराच्या फांद्या चेचून टाकत्यात, त्याच्या चिकानं मासं वर येत्यात. तसलं काय..."

"छे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. बिचाऱ्यानं पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

साखरपुडा झाला, मुलगी आज सुखात आहे, तेवढं एक बरं. पण दौलतरावांचा आवाज शाहूपुरीपर्यंत पोचायला फार दिवस लागले नाहीत. दुकानदार म्हणायला लागले, बाबालालच्या टाक्यांत रोग आलाय. तेवढंच असतं तर त्यानं ते सोसलं असतं. माणसं विसरतात, मासे जगतात, धंदा पुन्हा उभा राहतो. पण बाबालाल प्रामाणिक होता, आणि त्याचं नुकसान दौलतरावांनी केलं त्यापेक्षा त्याच्या प्रामाणिकपणानं जास्त केलं. त्याला स्वतःलाच पटलं की रोग आपल्या टाकीतून गेला.

काही दिवसांनी मी उचगावला त्याच्याकडं गेलो. कशाला गेलो? सांगायला गेलो होतो, असं मी मला सांगतो. तो घरामागं खड्डा खणत होता. टाक्यांतलं पाणी सोडून दिलं होतं. अंडी देणारे मोठे मासे, जे त्यानं बोटाएवढ्या पिलांपासून निवडून निवडून वाढवले होते, ते तळाच्या चिखलात तडफडत होते. शेजारी कळीच्या चुन्याचं पोतं होतं.

"बाबालाल, हे काय चाललंय?"

"रोगाचं बी ठेवून भागंल का, आप्पा? आज दौलतरावांचं गेलं, उद्या आणि कुणाचं जाईल. लोक माझं नाव सांगून मासं घेत्यात."

"अरे, पण हे तर चांगले दिसतायत."

"तिथलंबी चांगलंच दिसत हुतं की." त्यानं फावडं टेकवलं. "जरा पोतं धरा. एकट्याला आवरंना झालंय."

मी पोतं धरलं. त्यानं मासे खड्ड्यात घातले, मी पोतं तिरकं केलं, चुना पडला. डोळ्यांत गेला. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं आणि दोघांनीही त्याचं खापर चुन्यावर फोडलं. तोंड उघडलं असतं तर अर्धे मासे तरी वाचले असते. मी पोतं झटकून घडी घालून ठेवलं आणि घरी आलो.

त्यानंतर माझ्या डोक्यात एक किडा शिरला. पश्चात्ताप म्हणावा तर तो नव्हता, पश्चात्तापाला मी दारातच थांबवलं होतं. हा वेगळा होता. मला कळून घ्यायचं होतं की नेमकं झालं काय. वर्षभर त्याच वेलीची पानं-फुलं पाण्यात पडत होती, मग मासे का मेले नाहीत? चिकानं मेले की मोटर बंद होती म्हणून मेले? दुसरी कोणती झाडं असं करतात? कोणती करत नाहीत? आत कुठंतरी अशी आशाही होती की दोष मोटरीचा निघेल.

मी नर्सरीत प्लास्टिकची पिंपं अर्धी कापून ओळीनं मांडली. विहिरीतले गप्पी मासे धरून आणले, जे डासांसाठी सोडतात ते. एका पिंपात अलामंडाची गळलेली फुलं, एकात पानं, एकात ताज्या कापलेल्या फांद्या, एकात काहीच नाही. मोटर कुठंच नव्हती. फुलांच्या पिंपात काही झालं नाही. पानांच्या पिंपात पाणी जरा काळवंडलं, मासे मजेत. रिकाम्या पिंपातले मासेही मजेत. ताज्या फांद्यांच्या पिंपात गप्पी आधी वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, मग कुशीवर पडून गोल फिरायला लागले. अगदी तसेच. दुसऱ्या सकाळी सगळे मेलेले. फांद्या आठवडाभर सावलीत सुकवून टाकल्या तर मासे मरायचे कमी, पण मरायचे. मी काही शास्त्रज्ञ नाही, तळ्यात मोटर चालू असती तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. पण माझं उत्तर मला मिळालं होतं. गप्पींचीही माफी मागायला हवी, फक्त ती रांग फार लांब होईल.

किडा तिथं थांबला नाही. मी बाकीची झाडं घेतली. ब्रह्मी लावली तर काय सांगू! ओल्या कडेवरून ती पाण्यात उतरते, प्रत्येक पेराला मुळं सोडते, वर बारीक पांढरी फुलं, आणि गप्पींची पिलं तिच्या जाळीत अशी शिरून बसतात की मोजायची म्हटली तर सापडत नाहीत. मनी प्लांटचा रस माणसाच्या हाताला खाजतो म्हणून मला भीती होती, पण नुसती मुळं पाण्यात सोडली, पानं कुजू दिली नाहीत, तर मासे त्या मुळांत खुशाल झोपायचे. चंदेरी पट्ट्यांची आणि जांभळ्या पोटाची ती लोंबती वेल असते ना, बाल्कन्यांतून दिसते ती, तीही चालली. नेचे चालले. लोंबती घाणेरी मी माझ्या यादीतून काढली, कण्हेरीला तर तळ्याच्या आसपास उभं राहू द्यायचं नाही असं ठरवलं. केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, जांभळं फूल बघून लोक हट्ट धरतात, त्यांना मी पंचगंगेकाठी जाऊन या म्हणतो. ते मासे मारत नाही एकदम, पण सगळं पाणी झाकून टाकतं आणि मग खाली श्वासाला काही उरत नाही.

नृसिंहवाडीला आम्ही पौर्णिमेला जायचो. आमच्या सौभाग्यवती दर्शनाच्या रांगेत, मी घाटाच्या टोकाला जिथं दगड संपून माती लागते तिथं उकिडवा बसलेला. नदीकाठची कोणती झाडं पाण्यात लोंबतात आणि कुठल्या सावलीत मासे थांबतात ते बघत.

"देव तिकडं हायेत," ती परत येऊन म्हणायची. "तुम्ही हिकडं काय बघताय?"

"देवानं काय लावलंय ते बघतोय."

"मग घरी चला आणि आपलं लावलेलं बघा. कढीपत्ता वाळलाय."

या सगळ्यात बाबालाल माझ्याबरोबर होता. हे ऐकायला विचित्र वाटेल. माशांचा धंदा सोडल्यावर तो छोट्या मोटरी दुरुस्त करायला लागला, आणि मला तळ्यांची कामं मिळायला लागल्यावर मी प्रत्येक तळ्याच्या मोटरीचं काम त्यालाच दिलं. त्याला ते उपकार वाटायचे. मोटर बसवून झाली की तो बाजूला व्हायचा. "मासं दुसऱ्याकडनं आणा, आप्पा. माझा हात लागाय नको." तळ्यात मासे असले तर मोटर काढायच्या आधी तो हात साबणानं धुवायचा, आणि पुन्हा पुन्हा खळखळून धुवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं मुसलमान माणूस नमाजाची तयारी करतोय. मला माहीत होतं तो कशाची तयारी करतोय.

एकदा तो पिंपांपाशी येऊन बसला. माशांची भाषा मला त्यानंच शिकवली. वर येऊन हवा पितात म्हणजे पाण्यात श्वास कमी झालाय, अंग घासतात म्हणजे किडा लागलाय, पंख मिटून कोपऱ्यात बसतात म्हणजे आजारी आहेत. अलामंडाच्या पिंपात नुकतेच मेलेले गप्पी होते. त्यानं एक उचलला, कल्ला उघडला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ही वेल त्या तळ्याव हुती न्हाय?"

"होती. म्हणून तर आता कुणाला देत नाही."

"कापलेल्या फांद्यांनीच मरत्यात म्हणायचं. नुसत्या वेलीनं न्हाय."

"हं."

"आणि त्या दिवशी फांद्या तर टेम्पोतनं गेल्या हुत्या."

मी दुसऱ्या पिंपातली ब्रह्मी उगीच नीट करत होतो. "हो," मी म्हणालो.

त्यानं मासा परत पाण्यात ठेवला, जणू तो पोहणार आहे. मग हसला. "चीक पाण्यात घालायला कोण येडं लागलंय, व्हय की न्हाय?"

त्याला तेव्हाच कळलं का? मी हे हजारदा उलटसुलट करून बघितलंय. कळलं असेल तर तो हसला का, आणि कळलं नसेल तर मासा तसा हळू का ठेवला? झाडाचं मी पिंपात घालून बघू शकतो. माणसाचं कशात घालून बघणार?

माझी तळी वाढत गेली. माझ्या काठांखाली मासे मरत नाहीत अशी माझी ख्याती झाली. लोक विचारायचे, "आप्पा, तुम्हाला हे सगळं कळलं कसं?" मी म्हणायचो, "प्रयोग करून." अर्धं खरं सांगण्यात माझा हात चांगलाच बसला होता. आणि त्याच लोकांना बाबालालचं नाव घेतलं की ते म्हणायचे, "कोण? त्यो रोगट माशांचा?"

बाबालालला सांगणं जमत नाही तर त्याच्या मुलाला सांगावं, असं एकदा मनात आलं. त्याचं शाहूपुरीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी गेलो. गिऱ्हाईक म्हणून एक तरुण समोर उभा होता. मुलानं मला बसवलं, चहा मागवला आणि त्या तरुणाला म्हणाला, "हे आप्पा. ह्यांच्या समोर आमच्या अब्बांनी स्वतःचे मासे पुरले होते. टाकीत रोग आला म्हणून. दुसरा असता तर गुपचूप विकून मोकळा झाला असता. विचारा ह्यांना!"

तरुण माझ्याकडं कौतुकानं बघायला लागला. मुलाच्या तोंडावर वडिलांचा असा अभिमान होता की मी म्हणालो, "हो, मी होतो तिथं." मोबाइलला नवी काच बसवून घेतली, जी मला नको होती, आणि परत आलो. त्या घरानं त्या खड्ड्यावर एक चांगली गोष्ट उभी केली होती. मी खरं सांगितलं तर ती पडणार होती. हे कारण मला फार सोयीचं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात बाबालाल अंथरुणाला खिळला. मी उचगावला गेलो. सून चहा ठेवून गेली. घरामागच्या टाक्यांत आता लाकडं रचलेली असतात. तो फार वाळला होता, पण डोळे तसेच, कल्ला उघडून बघणारे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. कुणाची मोटर जळली, कुणाच्या तळ्यावर बगळा येतोय. मग तो उशीवर जरा वर सरकला.

"आप्पा, एक इचारू का?"

"विचार की."

"तुमी माशातलं आता माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. माझ्या टाकीतल्या माशांस्नी खरंच रोग हुता का वो?"

आवाजात आरोप नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. मलाही तसंच सगळं कळून घ्यायचं असतं, म्हणून मी तो आवाज ओळखला. सून दारात उभी होती. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मी चहाचा कप उचलला, तो संपलेला होता, तरी तोंडाला लावला.

"आत्ता कशाला तो विषय?" मी म्हणालो. "बरा हो, मग निवांत बोलू."

"बोलू की," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

तो बरा झाला नाही. मातीला मी गेलो होतो. सगळ्यांबरोबर तीन मुठी माती दिली, त्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता आलो.

दौलतराव आता नाहीत, पण त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. शाहूपुरीतल्या जुन्या दुकानदारांनी वाचावं. बाबालालच्या मुलाच्या हातात हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे, आणि या खेपेला काच बसवून घेणार नाही. पण ज्यानं विचारलं होतं, त्याला द्यायचं उत्तर माझ्याकडंच राहिलं. ते असं होतं:

नव्हता, बाबालाल. तुझ्या एकाही माशाला रोग नव्हता. फांद्या मी तळ्यात बुडवल्या होत्या, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तू खड्डा खणत होतास तेव्हाही मला माहीत होतं. मी पोतं धरायला नको होतं, तुझा हात धरायला हवा होता. मला माफ कर.